लुई व्हिटॉनची ट्रंक : लाकूड, कापड, खळ आणि कुलूप

रंधा

हँडबॅगांच्या धाग्यावर 'लुई व्हिटॉन म्हणजे जुनी चामड्याची पेढी' असं दोनतीनदा आलं. तिथे विषयांतर नको, म्हणून हा वेगळा धागा. या घराण्याची पहिली पन्नासेक वर्षं सुतारकाम, कापड मढवणं आणि सामान बांधणं यांची आहेत. चामडं होतं ते हँडलला, पट्ट्यांना आणि काही खास पेट्यांना. हे लक्षात घेतलं की पुढची पानं नीट उलगडतात.

लुईचा जन्म ४ ऑगस्ट १८२१ चा, फ्रान्सच्या झ्युरा डोंगरभागातल्या आंशे या खेड्यात. वयाच्या तेराव्या वर्षी, १८३५ मध्ये तो घर सोडून पायी निघाला. पॅरिस तिथून साडेचारशे किलोमीटरच्या वर. वाटेत मिळेल ते काम करत १८३७ मध्ये तो पोचला आणि मारेशाल नावाच्या कारागिराकडे उमेदवारीला लागला. तिथे त्याने सतरा वर्षं काढली.

मारेशालचा धंदा नीट समजून घ्यायला हवा. वस्तूच्या मापाची लाकडी पेटी बनवायची आणि त्या वस्तू तीत आपल्या हातांनी बांधून द्यायच्या, अशी दोन्ही कामं एकच कारागीर करी. बांधणारा गिऱ्हाइकाच्या घरी जायचा. तेव्हा क्रिनोलिनचे घेरदार झगे होते, एकेका झग्याला कैक वार कापड. ते चुरगळू न देता घालायचे, वर कागद, मग पुढचा थर. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिचे कपडे बांधायचं काम लुईकडे आलं ते याच हातोटीमुळे.

१८५४ मध्ये पॅरिसच्या प्लास व्हांदोम या चौकाजवळ, रू नव्ह दे काप्युसीनच्या ४ नंबरात त्याने स्वतःचं दुकान थाटलं. पाटीवर होतं : अत्यंत नाजूक वस्तू सुरक्षित बांधून मिळतील, फॅशनच्या कपड्यांची बांधणी ही खासियत. पाटीत चामड्याचा उल्लेखच नाही.

अनुपमा_क

उत्तम सुरुवात. एक शंका. सपाट झाकणाची ट्रंक लुईने शोधली असं सगळीकडे लिहिलेलं असतं. सपाट पेट्या त्याआधी नव्हत्याच का?

रंधा

@अनुपमा_क, सपाट पेट्या जगभर होत्या, आपल्याकडचे संदूक बघा. प्रवासाच्या ट्रंकेचं झाकण मात्र घुमटासारखं असे, कारण ती घोडागाडीच्या टपावर उघड्यावर जायची आणि पावसाचं पाणी ओघळून जायला हवं. रेल्वेचा सामानाचा डबा आणि आगबोटीचा तळ आल्यावर प्रश्न बदलला. घुमटावर दुसरी पेटी ठेवता येत नाही, बाजूची जागाही वाया जाते.

१८५८ च्या सुमारास लुईने झाकण सपाट केलं. पण नुसतं सपाट केलं तर पाणी साचून आत झिरपणार, म्हणून वरचं कापडही बदलावं लागलं. लिननच्या जाड कापडाला दोन्ही अंगांनी राय धान्याच्या पिठाची खळ दिली, की विणीतली भोकं बुजतात. हेच ते करडं 'त्रियानों' कॅनव्हास. त्या काळी ट्रंका चामड्याने, कधी डुकराच्या कातड्याने मढवत. त्या जड असत, दमटपणात वास धरत आणि तडकत. व्हिटॉनची ट्रंक हलकी, एकावर एक रचता येणारी आणि बऱ्यापैकी जलरोधक. या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या हे त्याचं खरं श्रेय.

कापडचोपड

आता कापडाचा पुढचा प्रवास. या घराण्याचं प्रत्येक नक्षीकाम आधीच्या नकलेला दिलेलं उत्तर आहे, तो क्रम असा :

करडं कॅनव्हास गाजलं आणि इतरांनी उचललं. १८७२ मध्ये लाल-बदामी पट्टे आले, त्यांचीही नक्कल झाली. १८७६ मध्ये पट्टे बदामी-तपकिरी झाले. पट्टे कुणीही रंगवू शकतो, म्हणून १८८८ मध्ये 'दामिए' म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आले आणि काही चौकोनांत 'मार्क एल. व्हिटॉन देपोझे' (नोंदणीकृत चिन्ह) हे शब्द घातले गेले. नाव थेट कापडावर आलं ते असं. तरी नकला थांबल्या नाहीत.

लुई २७ फेब्रुवारी १८९२ ला वारला. मुलगा जॉर्ज याने १८९६ मध्ये मोनोग्राम कॅनव्हास काढलं. त्यात चार घटक : गुंफलेली आद्याक्षरं, वर्तुळातलं गोल पाकळ्यांचं फूल, आत वळलेल्या बाजूंच्या चौकटीतलं टोकदार फूल आणि तेच टोकदार फूल चौकटीशिवाय. वडिलांची आद्याक्षरं मालावर ठायी ठायी उमटली ती इथून.

आणि हे कापड कायम एकाच पद्धतीने बनलं नाही. सुरुवातीला नक्षी विणीतच होती, जकार्ड मागावर. १९०२ पासून स्टेन्सिलने रंगवू लागले. १९५९ मध्ये सुती कापडावर पीव्हीसीचा लेप आला आणि कॅनव्हास इतकं लवचीक झालं की त्याच्या मऊ बॅगा शिवता येऊ लागल्या. आज दुकानात दिसतं ते याच १९५९ च्या तंत्राचं पुढचं रूप. म्हणजे 'हे लेदर आहे का?' या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर : अंग सुती कापड आणि पीव्हीसीचं, हँडल-पट्ट्या गाईच्या चामड्याच्या.

जुनी_किल्ली

कुलपाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

ट्रंक रेल्वेत किंवा बोटीत मालकापासून लांब असते. हातात असलेल्या बॅगेपेक्षा तिच्या कुलपावर भिस्त जास्त. बाप-लेकांनी १८८६ मध्ये एकच मधलं कुलूप आणि दोन बाजूंना स्प्रिंगच्या कड्या अशी रचना आणली. पुढे १८९० मध्ये पाच तरफांचं कुलूप आलं. आत पाच पातळ पत्र्या असतात, प्रत्येकीला खाच वेगळ्या उंचीवर. किल्लीचे दाते पाचही पत्र्या एकाच वेळी बरोबर उंचीवर उचलतात, तेव्हाच दांडा सरकतो. एखादी पत्री कमी किंवा जास्त उचलली गेली तरी कुलूप उघडत नाही.

यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट क्रमांकाची. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावावर कुलपाचा एक क्रमांक नोंदला जाई. त्याच्या सगळ्या ट्रंका, पेट्या, टोप्यांचे डबे त्या एकाच किल्लीने उघडत. पंधरा नग घेऊन प्रवास करणाऱ्या माणसाला याचं मोल कळेल.

खरेदी करणाऱ्यांसाठी : ट्रंकेच्या कुलपावर कोरलेला क्रमांक आणि झाकणाच्या आत चिकटवलेल्या लेबलावरचा क्रमांक वेगवेगळे असतात. पहिला कुलपाचा, दुसरा नगाचा. ते जुळत नाहीत म्हणून ट्रंक खोटी ठरवू नका. बॅगेला लटकणाऱ्या छोट्या पितळी कुलपावरचा तीन आकडी क्रमांक तर शेकडो कुलपांवर सारखाच असतो. त्यावरून बॅगेबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

सागर_पनवेल

ट्रंकेचा सांगाडा कसा असतो ते कुणी सांगेल का? लाकूड कोणतं?

रंधा

@सागर_पनवेल, खोका पॉपलरचा. वजनाला हलका, सरळ दाण्याचा, वाळल्यावर फारसा वाकत नाही. तो चांगली चार वर्षं तरी वाळू देतात. ओलं लाकूड वापरलं तर नंतर आकसतं, कापडाला सुरकुत्या पडतात आणि कुलपाची जीभ खाचेत बसेनाशी होते. बाहेरच्या आडव्या पट्ट्या बीच या कठीण लाकडाच्या, कारण मार त्यांना बसतो. ओढताना, एकावर एक ठेवताना कापडाऐवजी त्या घासतात.

खोका तयार झाला की कापड खळीने चिकटवून मढवतात. मग कडांना 'लोझीन' बसवतात. हे अनेकांना चामडं वाटतं, पण ते व्हल्कनाइज्ड फायबर आहे : कागदाचे थर झिंक क्लोराइडमध्ये भिजवून, दाबून, धुऊन वाळवलेले. शिंगासारखं टणक होतं. ते पितळी चुकांनी (बारीक खिळ्यांनी) ठराविक अंतरावर ठोकतात. चुकांची ओळ सरळ, अंतर सारखं, डोकं एकाच पातळीत, हे जुन्या ट्रंकेत बघण्यासारखं असतं. कोपऱ्यांवर पितळी टोप्या.

झाकणाची बिजागरी बहुतेकांना बघूनही कळत नाही. तिथे धातूची बिजागरी नसते, जाड कापडाची घडी मागच्या पूर्ण लांबीत चिकटवलेली असते. वजन कमी, फट नाही, म्हणून धूळ-पाणी आत जात नाही.

आतून झाकणाला 'मालेताज' : गादीसारखं मऊ अस्तर, त्यावर तिरक्या फिती एकमेकींना छेदून चौकटी पाडलेल्या आणि छेदावर चुका. फितींमागे पत्रं, फोटो खोचता येतात.

हे सगळं १८५९ पासून आस्निएरच्या कारखान्यात. पॅरिसच्या वायव्येला, सेन नदीकाठी. लाकूड पडावांतून यायचं आणि रेल्वेने माल थेट पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकात जायचा. सुरुवात २० कामगारांवर, १९०० मध्ये जवळपास १००, १९१४ मध्ये २२५. खास मागणीच्या पेट्या आजही तिथेच बनतात.

दशमी

दुरुस्तीबद्दल लिहा कुणीतरी. मुंबई-कोकणच्या हवेत अशी जुनी ट्रंक टिकवायची म्हणजे काय काय सांभाळायचं?

खळ_आणि_सरस

@दशमी, आधी काय बिघडतं आणि का, ते.

खळ म्हणजे पिष्ट. ओलसर हवेत ती सैल पडते, वर तिच्यावर बुरशी धरते आणि कसर ती खाते. म्हणून कापड कडेपासून सुटायला लागतं. अशा ट्रंकेला ओल्या फडक्याने पुसणं ही सर्वात महागात पडणारी चूक. पाणी कापडातून आत जातं, खळ विरघळते, दोन दिवसांनी फुगवटे दिसतात. धूळ मऊ कोरड्या ब्रशने काढायची, बस.

सुटलेलं कापड बसवायला फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद नको. तो एकदा घट्ट झाला की पुन्हा काढता येत नाही आणि पुढच्या दुरुस्तीत कापड फाटतं. गव्हाचं सत्त्व १ भाग, पाणी ५ भाग, मंद आचेवर २० ते ३० मिनिटं सतत ढवळत शिजवा, पारदर्शक झालं की उतरवा. पूर्ण गार झाल्यावर गाळणीतून दाबून काढा. हात फिरवला की सरकेल इतपतच पाणी घाला. खळ लाकडाला लावायची, कापडाला नाही, आणि अगदी पातळ. वर शोषणारा कागद, सपाट फळी आणि वजन, २४ तास. कागद पहिल्या तासाभरात दोनदा बदला, ओल तोच ओढून घेतो.

आपल्याकडे बाइंडर खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. इथे ते टाळा. तांब्याचे क्षार कापडाचे तंतू हळूहळू कुजवतात आणि फिक्या कॅनव्हासवर हिरवट झाक येते.

लोझीन पाणी शोषून फुगतं आणि वाळल्यावर आकसतं. पावसाळ्यात-उन्हाळ्यात हे पुन्हा पुन्हा झालं की चुका उपसून वर येतात. त्याच भोकात तीच चूक परत ठोकली तर आठ दिवसांत पुन्हा बाहेर. भोकात सरस लावलेली बांबूची बारीक काडी घालून वरून कापा, सरस वाळू द्या, मग चूक हलक्या हाताने ठोका. लोझीनचा कोपरा उचलला असेल तर इस्त्री किंवा वाफ देऊ नका, तो ठिसूळ होऊन तुटतो.

पितळ चिंच-मीठ किंवा चकाकीच्या पुडीने घासू नका. आम्ल चुकांच्या कडेने कापडात उतरतं आणि भोवती हिरवी कडी पडते. कोरडं सुती कापड पुरे.

आणि कापडी बिजागरी फाटली म्हणून सुताराकडून धातूची लावून घेऊ नका. स्क्रूमुळे पातळ पॉपलर दाण्याच्या दिशेने तडकतो, सगळा भार दोन ठिकाणी येतो आणि झाकण पिळतं. त्याच जाडीच्या लिननची पट्टी पूर्ण लांबीत लावणं हाच उपाय.

ठेवायची कुठे? भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीपासून चार बोटं वर, झाकण महिन्यातून एकदा तासभर उघडं. प्लास्टिकमध्ये गुंडाळली तर आतली ओल कोंडते, मग बुरशी हमखास.

अनुपमा_क

हा प्रतिसाद छापून ठेवावा असा. आधुनिक बॅगांबद्दलही विचारते : नव्वदच्या दशकातल्या बॅगांचे आतले खिसे चिकट होतात, सोलतात. कॅनव्हास तर ठणठणीत असतं.

कापडचोपड

@अनुपमा_क, आतलं अस्तर कृत्रिम चामड्याचं, म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप असलेलं. दमट हवेत पाण्याच्या संपर्काने त्या लेपाच्या लांब साखळ्या तुटतात, तो आधी चिकट होतो आणि मग पापुद्रे निघतात. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही. टाल्कम पावडर टाकून चिकटपणा काही दिवस दबतो इतकंच. शिवण उसवून अस्तर बदलणं हाच मार्ग. बॅग कपाटात वर्षानुवर्षं बंद ठेवली तर हे लवकर होतं.

हँडलच्या बदामी चामड्यावर रंगाचा थर नसतो, म्हणून ते उन्हाने आणि हाताच्या तेलाने मधासारखं गडद होत जातं, आणि पाण्याचा एक थेंबही डाग ठेवतो. सॅनिटायझर त्याहून वाईट. पावसात भिजलंच तर फक्त टिपून घ्या. घासलं किंवा हेअर ड्रायर मारला तर डागाची कड पक्की होते.

सागर_पनवेल

स्पीडी या त्यांच्या हँडबॅगेच्या एका बाजूला एलव्ही ही आद्याक्षरं उलटी असतात. ते नकली असण्याचं लक्षण ना?

कापडचोपड

नाही. उलट तेच बरोबर आहे. स्पीडी आणि कीपऑल (प्रवासाची बॅग) यांचं अंग एकाच सलग तुकड्याचं, तळाला शिवण नाही. एका बाजूने वर जाणारी नक्षी तळावरून वळून दुसऱ्या बाजूला उलटीच येणार. दोन्ही बाजूंना सुलट असलेली आणि तळाला शिवण नसलेली स्पीडी दिसली तर मात्र थांबून बघा. नावापुढचा २५, ३०, ५० हा आकडा लांबीचा, सेंटिमीटरमध्ये.

जुनी_किल्ली

ओळख पटवण्याचा विषय निघालाच आहे तर तारखेच्या खुणेबद्दल. आतल्या बाजूला दोन अक्षरं आणि चार आकडे असतात. १९९० ते २००६ : पहिला आणि तिसरा आकडा महिना, दुसरा आणि चौथा वर्ष. उदाहरणार्थ एसपी००३५ म्हणजे महिना ०३, वर्ष ०५, मार्च २००५. २००७ पासून पहिला-तिसरा आठवडा झाला. एफएल२१२१ म्हणजे २२ वा आठवडा, २०११. मार्च २०२१ पासून ही खूण बंद झाली, आता आत चिप असते. त्यामुळे नव्या बॅगेत खूण सापडली नाही म्हणून घाबरू नका, आणि २०२३ ची म्हणून दाखवलेल्या बॅगेत खूण सापडली तर सावध व्हा. हा अनुक्रमांक नाही, एकाच आठवड्यातल्या अनेक बॅगांवर एकच खूण असते. नक्कल करणारे ती सहज छापतात. बॅगेच्या मॉडेलच्या काळाशी ती विसंगत असेल तरच तिचा उपयोग.

जुन्या ट्रंकांसाठी लेबलावरचा पत्ता जास्त कामाचा. '१, रू स्क्रीब' हा पॅरिसचा पत्ता १८७१ पासून १९१४ पर्यंत. प्रशियाशी झालेल्या युद्धात आस्निएरचा कारखाना लुटला गेला होता, त्यानंतर लुईने ऑपेराजवळ हे दुकान घेतलं. '७०, शाँझ एलिझे' असेल तर १९१४ नंतरची, कारण त्या वर्षी ते मोठं दुकान उघडलं. १९५४ मध्ये दुकान अॅव्हेन्यू मार्सोला गेलं. लंडनचा पत्ता ऑक्सफर्ड स्ट्रीट असेल तर १८८५ नंतरची, न्यू बाँड स्ट्रीट असेल तर १९०० नंतरची. कापड आणि लेबल यांचा मेळ बसलाच पाहिजे : मोनोग्रामची ट्रंक १८९६ आधीची असूच शकत नाही.

दशमी

बडोद्याच्या महाराजांची चहाची पेटी याच घराण्याची ना?

रंधा

हो, १९२६ ची. महाराज म्हणजे तिसरे सयाजीराव गायकवाड, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. चहाचा सगळा सरंजाम एका पेटीत, प्रत्येक वस्तूला तिच्याच मापाचा कप्पा. पेटी कितीही हलली तरी कप एकमेकांवर आपटत नाहीत. मारेशालकडे शिकलेला धंदा सत्तरऐंशी वर्षांनी तसाच चालू होता हे या एका पेटीवरून दिसतं.

तशीच ब्राझा या शोधप्रवाशाच्या काँगोच्या मोहिमेसाठी केलेली खाटेची ट्रंक, आत घडीची खाट मावणारी. आणि १९३२ ची 'नोए' बॅग. एका शँपेनवाल्याला पाच बाटल्या नेता येतील अशी पिशवी हवी होती. चार उभ्या, पाचवी मध्ये उलटी. बाटलीचा गळा अरुंद असतो, म्हणून चार गळ्यांच्या मधल्या जागेत पाचवीचं बूड बसतं. आज खांद्याला लावून फिरतात ती नोए हीच.

कापडचोपड

घराण्यातून कंपनी कशी झाली तेही थोडक्यात. १९७७ मध्ये दोनच दुकानं होती, पॅरिस आणि नीस. घरचे जावई आंरी राकामिए हे पोलादाच्या व्यापारातले. त्यांनी सूत्रं घेतली आणि मधल्या व्यापाऱ्यांना बाजूला करून स्वतःची दुकानं काढायला सुरुवात केली. १९७८ मध्ये जपान, १९८४ मध्ये पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी, १९८७ मध्ये मोएत हेनेसी या मद्याच्या कंपनीशी विलीनीकरण होऊन एलव्हीएमएच हा समूह. दोन घराण्यांत तेढ निर्माण झाली, उद्योगपती बर्नार्ड आर्नो यांनी शेअर घेत घेत १९८९ मध्ये अध्यक्षपद मिळवलं आणि १९९० मध्ये राकामिए बाहेर पडले. तयार कपडे तर फार उशिरा, डिझायनर मार्क जेकब्ज १९९७ मध्ये आल्यावर, पहिला संग्रह १९९८ चा. म्हणजे 'फॅशन हाउस' हे बिरुद जवळपास पावणेदोनशे वर्षांतल्या शेवटच्या तिसेक वर्षांचं.

सागर_पनवेल

आणि जून २०२५ मध्ये पॅरिसला पुरुषांच्या कपड्यांच्या सादरीकरणात भारत हाच विषय होता. जमिनीवर सापशिडीचा पट, रचना स्टुडिओ मुंबईच्या बिजॉय जैन यांची.

खळ_आणि_सरस

@दशमी, एक राहिलं. ट्रंकेच्या आत डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्यांची वाफ अस्तरात बसते आणि वास वर्षानुवर्षं जात नाही. कडुलिंबाचा वाळलेला पाला सुती पिशवीत बांधून ठेवा, दर तीन महिन्यांनी बदला. सिलिका जेल ठेवत असाल तर रंग बदलणारं घ्या आणि रंग उतरला की तव्यावर मंद आचेवर वाळवून परत वापरा. पुढच्या आठवड्यात बिजागरीची पट्टी बदलण्याच्या पायऱ्या मापांसह टाकतो. त्यासाठी पट्टीची रुंदी, झाकणाची लांबी आणि जुन्या कापडाची घडी आत आहे की बाहेर हे तिन्ही मोजून इथे लिहा.